आधी तुमचा वाटा, मग सरकारचा

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि शाळा सरकारच्या पैशावर चालत होती. दोनच वर्षांपूर्वी लंडनहून आलेल्या खलित्यात शिक्षण सामान्य जनतेपर्यंत नेण्याची भाषा होती. तरीही मुलाला दारातून परत पाठवले गेले. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे. पण एका मुलासाठी शतकानुशतकांच्या समजुती दुखावल्या तर शाळा बाकीच्यांच्या उपयोगाची राहणार नाही.

हा निर्णय कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला पटला नाही, लंडनच्या संचालक मंडळालाही पटला नाही. मग १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण स्पष्ट केले. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. मात्र ज्या शाळांचा खर्च सरकारबरोबर स्थानिक वर्गणीदारही उचलतात आणि ज्यांची अशा प्रवेशाला हरकत आहे, तिथे ही मुले बसवण्याचा सरकारचा विचार नाही. अशा शाळेची मदत थांबवण्याचा हक्क तेवढा सरकारने आपल्याकडे राखून ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन सादर केले, त्यात हे प्रकरण नोंदवले आहे.

महाराष्ट्रातल्या अनुदानाचा इतिहास या एका वाक्यरचनेतून उलगडता येतो. खर्चात ज्याचा वाटा, त्याच्या हरकतीला वजन. सरकारने लोकांच्या संस्थांना पैसे द्यायचे ठरवले तेव्हा पहिली अट घातली, की आधी तुम्ही उभे करा. ज्यांच्याजवळ उभे करण्यासारखे काही होते, त्यांना ही अट वरदान ठरली. ज्यांच्याजवळ नव्हते, त्यांना आपला वाटा कुठून आणायचा याचा मार्ग शोधायला पुढची पाऊणशे वर्षे लागली.

१८५४ चा तो खलिता चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखला जातो. वुड हे कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष होते. १९ जुलै १८५४ रोजी निघालेल्या या शंभर परिच्छेदांच्या दस्तऐवजातून पुढे इलाख्यांची शिक्षणखाती निघाली आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे उभी राहिली. पण सर्वांत दूरगामी ठरली ती त्यातली अनुदानाची पद्धत. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढायला सांगितले होते. एवढ्या रकमेत हिंदुस्थान शिकवता येणार नाही हे उघड होते आणि फार जास्त खर्च करण्याची कंपनीची तयारीही नव्हती. इंग्लंडमध्ये चर्चच्या आणि खासगी मंडळांच्या शाळांना सरकारी मदत देण्याची रीत रुळली होती. तीच इथे आणायचे ठरले.

मदतीच्या अटी थोडक्या होत्या. शाळेत चांगले लौकिक शिक्षण मिळाले पाहिजे. धर्म शिकवता की नाही, याची चौकशी सरकार करणार नाही. शाळेला जबाबदार स्थानिक व्यवस्थापन हवे. सरकारी तपासनीसाला दार उघडे हवे. आणि मुलांकडून थोडी का होईना, फी घेतलीच पाहिजे. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, अशी त्यामागची समजूत होती. हीच समजूत पुढे साताऱ्याच्या एका माणसाने खोडून काढली. ते पुढे येईलच.

खलिता येण्याआधीही सरकारी पैसा लोकांच्या शाळेत पोचल्याचे एक ठळक उदाहरण पुण्यात आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी पूर्ण बंद केली नव्हती. त्या निधीचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला गेला. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्यानंतरच्या काही वर्षांत मुलींच्या शाळांसाठी याच दक्षिणा निधीतून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. जो पैसा पिढ्यानपिढ्या फक्त एका जातीच्या विद्वत्तेला मिळत होता, त्यातला थोडा वाटा मुलींच्या पाट्यांपर्यंत आला होता. हा बदल रकमेपेक्षा कितीतरी मोठा होता.

मात्र तो टिकला नाही. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांचा हात आखडला, शाळा चालवणाऱ्या मंडळातही मतभेद झाले आणि जोतीराव शाळांच्या व्यवस्थापनातून बाहेर पडले. बाहेरच्या देणग्यांवर आणि साहेबाच्या मर्जीवर उभे राहिलेले काम किती लवकर डळमळते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच पंचवीस वर्षांनी संधी मिळाली तेव्हा ते सरकारशी देणगीची नव्हे, करांची भाषा बोलले.

ती संधी होती हंटर आयोगाची. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ३ फेब्रुवारी १८८२ रोजी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. अनुदानाची पद्धत कितपत यशस्वी झाली आणि सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊन ती खासगी संस्थांवर सोपवावीत का, हा आयोगापुढचा एक मुख्य प्रश्न होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या आपल्या निवेदनात फुल्यांनी मूळ हिशेबच मांडला. सरकारचा महसूल येतो कुणब्याच्या श्रमातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, शेतकरी समाजातून शिक्षक तयार करा, त्यांना पोट भरेल असा पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारने शिक्षणातून अंग काढून घेण्याला त्यांचा स्पष्ट विरोध होता. सरकार बाजूला झाले की शाळा कोणाच्या हाती जातील, हे त्यांना नेमके दिसत होते.

त्याच वर्षी हंटर पुण्यात एक शाळा बघून गेले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलला तेव्हा सरकारी मदत नव्हती. तरीही सरकारी हायस्कुलांच्या तोडीस तोड ठरणारी अशी संस्था आपण साऱ्या देशात पाहिली नाही, अशी प्रशंसा हंटर यांनी केली. यातली कर्तबगारी खरीच होती. गोपाळ गणेश आगरकर, वामन शिवराम आपटे यांच्यासारख्या तरुणांनी सरकारी नोकरीची वाट सोडून तुटपुंज्या पगारावर तिथे शिकवले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले आणि संस्थानिकांच्या व प्रतिष्ठितांच्या देणग्या आल्या. ज्यांच्या नावाने कॉलेज ओळखले जाते त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांनीही देणगी दिली. पुढे सरकारी अनुदानही घेतले गेले.

आयोगाने फुल्यांची सक्तीची मागणी स्वीकारली नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे द्याव्यात, माध्यमिक व उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू मागे सरावे आणि ते खासगी संस्थांना अनुदान देऊन चालवावे, अशा शिफारशी झाल्या. मुली आणि मागास वर्गांसाठी अधिक उदार मदतीची सूचनाही होती. पण प्रत्यक्षात हायस्कूल कुठे निघाले? जिथे वकील, पेन्शनर, सावकार आणि शिकलेले तरुण होते तिथे. पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, सोलापूर इथल्या पेठांत समिती उभी राहू शकत होती, इमारत बांधता येत होती, फी भरणारे पालक मिळत होते. माण-खटावच्या वाडीत यातले काहीच नव्हते. अनुदान सर्वांना खुले होते आणि तरीही पोचत होते मोजक्यांपर्यंत.

मुंबई इलाख्यात त्यात आणखी एक काच होता. इथे बरीच वर्षे निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. वर्षातून एकदा तपासनीस येई, मुलामुलाची परीक्षा घेई आणि किती मुले कोणत्या विषयात उतरली त्यावरून शाळेची रक्कम ठरे. सुगीत शेतावर गेलेले, साथीत घरी राहिलेले, पहिल्या पिढीचे अडखळत वाचणारे मूल अशा शाळेला तोट्याचे वाटू लागणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झन यांच्या काळात, ही पद्धत मोडीत निघाली. तोपर्यंत एक अख्खी पिढी तिच्याखालून गेली होती.

सक्तीच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात नेला. मार्च १९११ मध्ये मांडलेल्या त्यांच्या विधेयकात खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थांचा आणि दोन हिस्से सरकारचे, अशी वाटणी होती. म्हणजे फर्ग्युसन कॉलेजात आयुष्याची वीस वर्षे घातलेला माणूसच आता म्हणत होता, की लोकांच्या वाट्यापेक्षा सरकारचा वाटा मोठा हवा. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

ब्रिटिश मुलखात जे फेटाळले गेले ते कोल्हापूर संस्थानात घडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. अनुदानाच्या इतिहासात मात्र त्यांचे त्याहून वेगळे काम आहे ते वसतिगृहांचे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. पद्धत साधारण अशी, की त्या त्या समाजातल्या जाणत्यांनी मंडळ स्थापायचे आणि कारभार बघायचा, दरबाराने जागा, इमारत किंवा वार्षिक नेमणूक द्यायची. इथे सरकारने आधी हात पुढे केला आणि समाजाला मागून उभे राहायला वेळ दिला. इंग्रजी नियमाच्या हा बरोबर उलटा क्रम होता. त्याची मर्यादाही लपलेली नव्हती. बोर्डिंगे जातवार होती आणि जातवार संस्था जातीच्या भिंती सांभाळूनच वाढतात.

त्या भिंतीवर एक विद्यार्थी लवकरच आदळला. कुंभोजला जन्मलेले, मूळचे ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ते मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे ओगले काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे काम करत ते सातारा जिल्ह्यातली खेडी पायाखाली घालत होते. सत्यशोधक जलशांचा आणि सभांचा तो काळ होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे वसतिगृह सुरू झाले. महार, मराठा, मुस्लिम, जैन, मांग अशी मुले एका पंगतीला बसत. हे चालवायला लागणारा पैसा कुठून येणार होता? सावकार देणार नव्हता, कारण त्याचेच देणेकरी इथे शिकत होते. भाऊरावांनी आपला वाटा तीन ठिकाणांहून उभा केला. सुगीनंतर गावोगाव फिरून धान्य गोळा केले. मुलांच्या श्रमातून शेती, बागाईत, स्वयंपाक, बांधकाम सगळे चालवले. आणि जिथे कुठेच काही उरले नाही तिथे घर रिकामे केले. पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांच्या नावाचा गौरव करताना या बाईंचे नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवे. संस्थेच्या ताळेबंदात सरकारी अनुदानाच्या कितीतरी आधीचा जमा रकाना त्यांचा आहे.

फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्यात आले तेव्हा त्यांनी हे वसतिगृह पाहिले. त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले होते. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांनी १८८२ मध्ये सारा आणि शाळा यांचा जो संबंध जोडला होता, तोच इथे अबकारीच्या रकान्यातून पुन्हा पुढे आला. पुढच्या वर्षी सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीने १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांवर भर दिला. अहवालानंतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते आले आणि वसतिगृह चालवणाऱ्या संस्थांना सरकारदारी जायला एक निश्चित दार मिळाले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. शाळा नसलेल्या लहान खेड्यांत कोणी संस्था शाळा काढत असेल तर तिला मदत देण्याचे धोरण त्यांनी आखले. या व्हॉलंटरी शाळांसाठी रयत शिक्षण संस्था जणू तयारच होती. तिने १९३५ मध्ये साताऱ्याला शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले होते. तिथून निघालेला तरुण शिक्षक वाडीत जाई, देवळात किंवा चावडीत शाळा भरवी, गाव त्याच्या जेवणाची आणि जागेची सोय बघे आणि सरकारी मदत पाठोपाठ येई. काही वर्षांत अशा शाळांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. पैशाऐवजी जागा, धान्य आणि माणूस देऊन गावाने आपला वाटा उचलला आणि सरकारने तो मान्य केला. १८५४ च्या नियमात शहरांनी जे मिळवले ते डोंगराळ पट्ट्यातल्या वाड्यांना मिळायला इतका काळ लागला. पुढे या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपवल्या गेल्या.

१९४० मध्ये भाऊरावांनी वुडसाहेबांची फीची अटही निकालात काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाने साताऱ्याला निघालेले हायस्कूल मोफत आणि निवासी होते. फी नसली तर शिक्षणाची किंमत राहत नाही म्हणणाऱ्यांना इथली मुले हाताच्या घट्ट्यांनी उत्तर देत होती. खडीचे ढीग फोडून, माळ फोडून, झाडे लावून ती शिकत. संस्थेचे ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचे होते आणि 'कमवा आणि शिका' ही तिथली रोजची रीत होती. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

आणि मग १९४८ आले. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात, विशेषतः सातारा-कोल्हापूर भागात, जाळपोळ झाली, वातावरण संशयाने भरून गेले. भाऊराव परखड बोलणारे होते, सत्यशोधक परंपरेतले होते आणि त्यांच्या भाषणांवर मुंबई सरकारची खप्पामर्जी झाली. खेर सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले. ज्या खेरांच्या धोरणावर दहा वर्षांपूर्वी संस्थेच्या शेकडो शाळा उभ्या राहिल्या होत्या, त्यांचाच हा निर्णय होता.

या घटनेकडे दोन माणसांमधले भांडण म्हणून बघितले तर तिचे महत्त्व निसटते. खेर सज्जन आणि शिक्षणाची तळमळ असलेले नेते होते. पण संस्थेने सरकारी मदतीवर शिक्षक नेमले, वसतिगृहे वाढवली, कॉलेज काढले. आता महिन्याचा पगार आणि कोठीतला दाणा एका सहीवर अवलंबून होता. अनुदान हा कायद्याने मिळालेला हक्क नव्हता, प्रशासनाने दिलेली सवलत होती. ती देताना सरकारला कारण द्यावे लागत असे, काढून घेताना तेवढे द्यावे लागत नसे.

संस्था तग धरून राहिली ती जुन्या सवयीवर. गावांनी पुन्हा धान्य दिले, माजी विद्यार्थ्यांनी आणि सहानुभूतीदारांनी पैसे दिले, शिक्षकांनी पगाराविना काम केले. गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी याच काळात केला होता. त्यांच्या बाजूने महाराष्ट्रात लोकमत उभे राहिले आणि गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला. ज्याच्या हाती खराटा आणि गाडगे, ज्याला सरकारकडून स्वतःसाठी काही नको होते, त्या माणसाचा शब्द खाली पडला नाही. अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या रयतच्या कॉलेजाला गाडगेमहाराजांचे नाव आहे. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले.

त्याच वर्षी राज्यात अनुदानाची दिशा बदलणारा निर्णय झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्यात आली. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) या तीन अक्षरांनी ती सवलत घरोघर पोचली. माफ झालेली फी सरकार संस्थेला भरून देणार होते. आतापर्यंत गरीब मूल म्हणजे संस्थेला घट होती. आता त्याच्या फीची हमी सरकारची होती. खेड्यांत हायस्कूल काढणे प्रथमच परवडू लागले. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या बरोबरीने, मराठवाड्यात आणि विदर्भात तालुक्यातालुक्यातल्या मंडळांनी शाळा काढल्या. ज्या घरात कोणी सातवी ओलांडली नव्हती त्या घरातून मॅट्रिक झालेली मुले निघाली, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, फौजदार झाली.

हळूहळू सरकार मान्यताप्राप्त शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा सगळा भार उचलू लागले. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने नेमणूक, सेवाशर्ती आणि बडतर्फी यांना नियमांची चौकट दिली. संस्थाचालकाच्या लहरीवर जगणाऱ्या शिक्षकाला यामुळे प्रथमच ताठ मानेने वर्गात उभे राहता आले. ही मिळकत फार मोलाची आहे. पण वाट्याचे जुने गणित आता उलटे झाले. खर्च जवळपास सगळा सरकारचा आणि नेमणुकीचा अधिकार संस्थेचा. गावाने मूठ मूठ धान्य देऊन उभी केलेली शाळा हळूहळू एखाद्या घराण्याची झाली, शिक्षकाच्या जागेसाठी पैसे मोजावे लागतात ही तक्रार महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. जेव्हा गाव वाटा देत होते तेव्हा ते हिशेबही विचारत होते. वाटा संपला आणि विचारणाही थांबली.

राज्याची तिजोरी ताणली जाऊ लागली तशी सरकारने पुन्हा पाऊल मागे घेतले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय शिक्षणात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. तिथे फी देणारे पालक होते, त्यामुळे ती चालली, काही भरभराटली. शाळांच्या बाबतीत तेच सूत्र लावले गेले तेव्हा परिणाम वेगळा झाला. २००१ पासून नव्या शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' ही अट घातली गेली. संस्थेने लिहून द्यायचे, की आम्ही सरकारकडे कधीही अनुदान मागणार नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेला हे लिहून देणे जड नव्हते. पण मेळघाटात, बीडमध्ये किंवा जतच्या दुष्काळी भागात मराठी शाळा काढणाऱ्याने ते लिहून दिले, कारण दुसरी परवानगीच मिळत नव्हती. तिथे फी कोण देणार होते? बी.एड. झालेले तरुण आज ना उद्या ग्रँट येईल या आशेवर रुजू झाले. सकाळी वर्ग घ्यायचे आणि सुट्टीत रोजगाराला जायचे, असे दिवस त्यांनी काढले.

आंदोलने वाढत गेली. २००९ मध्ये सरकारने 'कायम' हा शब्द काढून टाकला. मग शाळांचे मूल्यांकन, पटपडताळणी, याद्या, त्रुटी, पुन्हा याद्या असा सिलसिला सुरू झाला. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि टप्पा अनुदान हा शिक्षकांच्या बोलण्यातला रोजचा विषय बनला. वीस टक्के म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. पुढचा टप्पा ४० चा, त्यापुढचा ६० चा आणि प्रत्येक टप्प्यासाठी नवे आंदोलन, आझाद मैदानावर नवा मुक्काम. ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाच्या बैठकीवेळी निघालेल्या शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. १८८२ मध्ये फुल्यांनी शिक्षकाला पोटापुरता पगार मागितला होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तीच मागणी करणाऱ्या शिक्षकांच्या डोक्यावर पोलिसांच्या काठ्या बसल्या, ही महाराष्ट्राने शरमेने आठवावी अशी गोष्ट आहे.

या सगळ्याचा हिशेब अजून निवृत्तिवेतनात चुकता व्हायचा आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली. त्या तारखेआधी रुजू झालेले, पण ज्यांची शाळा त्या दिवशी शंभर टक्के अनुदानावर आली नव्हती अशा शिक्षकांना कोणत्या बाजूला मोजायचे, यावरून वर्षानुवर्षे निवेदने, समित्या आणि न्यायालयातल्या याचिका चालू आहेत. शिक्षक त्याच वर्गात होता, त्याच मुलांना शिकवत होता, हजेरीपत्रकावर सहीही त्याचीच होती. शाळा त्या वर्षी किती टक्क्यांवर होती, यावर त्याची पेन्शन अडली आहे.